प्लास्टिकसह एक चित्र

कवितेत पदवी घेतलेल्या बाईने दुबईत काय करावे, याचे उत्तर मला एका कलादालनात मिळाले: चित्रांखालचे मजकूर लिहावेत. तिथे निळ्याला निळे म्हणण्याची सोय नाही. निळा हा 'स्मृतीच्या काठावर थबकलेला अवकाश' असतो आणि कोरा कॅनव्हास 'अनुपस्थितीची उपस्थिती' सिद्ध करतो. सकाळी मी हे लिहिते आणि दुपारी डब्यातली भेंडी खाते, दोन्ही सवयीने.

वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, अल नहदातल्या नव्या फ्लॅटसाठी एक भलेमोठे अमूर्त चित्र घेतले. कुणालाही न विचारता घेतलेली ही त्यांची बहुधा पहिलीच वस्तू. पण त्याच भिंतीसाठी त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, टीव्ही आणून ठेवला होता. खोक्यातला टीव्ही पॅसेजमध्ये उभा होता. भिंत कुणाची, हे सत्यनारायणाच्या पूजेनंतर ठरणार होते.

"पाहुण्यांसमोर दोन शब्द बोल," वन्सं शिरा ढवळत म्हणाल्या. "तुझ्या त्या भाषेत. नाहीतर हे उद्या माझं चित्र पलंगाखाली सारतील."

चित्र पाहायला गेले, तर आधी दिसली ती चकाकी. वन्संकडे फ्रीजचे, सोफ्याचे, रिमोटचे प्लास्टिक कधी निघत नाही. वस्तू नवी राहते म्हणे. चित्रावरचेही तसेच होते. त्यात ट्यूबलाइट वाकडी होऊन पोहत होती आणि तुपाची वाफ त्यावर अलगद बसत होती.

आरती झाली. भाऊजींनी सोफ्यावर बैठक मारली, सोफा करकरला.

"हां, कवयित्रीबाई, समजवा आम्हाला. गाडीच्या काचेवर वाळू बसली की असलं चित्र मी बोटाने काढतो. फुकट."

हशा पिकला. वन्संच्या हातातली प्रसादाची वाटी मध्येच थांबली. ती वाटी पाहून माझी रोजची भाषा नळासारखी सुटली.

"हे चित्र आपल्याला स्पर्श नाकारते," मी गंभीरपणे म्हणाले. "पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यामधला हा पारदर्शक नकार, हेच आपल्या इथल्या जगण्याचे रूपक. आपण राहतो, पण वेष्टन काढत नाही."

माझ्या दृष्टीने ही निव्वळ टिंगल होती. पण कुणी हसले नाही. शेजारच्या बाईंनी चष्मा पुसला.

"खरंय हो. आमच्याही सोफ्याचं मी काढलेलं नाही. म्हटलं, परतच जायचंय ना. मुलगा कॉलेजात गेला, तरी तसंच आहे."

भाऊजींनी स्वतःच्या मांडीखालच्या प्लास्टिकवर नकळत हात फिरवला. मग म्हणाले, "खलास. टीव्ही बेडरूममध्ये लावू."

पाहुणे गेल्यावर मी चित्राचा एक कोपरा नखाने सोडवायला घेतला.

"अगं, हात लावू नकोस," वन्सं धावत आल्या. "तूच म्हणालीस ना, तोच तर नकार आहे."

"वन्सं, ती थट्टा होती. बघा तरी, काय घेतलंय तुम्ही."

त्या वाकल्या. वीतभर निळा उघडा पडला होता: ओलसर, खरबरीत, ब्रशच्या केसांचे ओरखडे अंगावर वागवणारा, जवसाच्या तेलाचा मंद वास असलेला. अवकाश, स्मृती, काठ यांतले काही मला सुचले नाही.

"निळा आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच तर घेतला," वन्सं म्हणाल्या. त्यांनी बोट टेकवून घटकाभर तसेच ठेवले. मग अंगठ्याने प्लास्टिकचा कोपरा पुन्हा घट्ट दाबून बसवला. "आता राहू दे. धूळ बसेल."