नसलेल्या केकचा वास

माझ्या अंगाला केकचा वास येतो, हे सगळ्या रोह्याला कळल्यावर मग मला कळलं.

मी मुळात अपराधी स्वभावाचा माणूस. आमच्या पेणला नळाला पाणी आलं नाही, तरी माझंच काहीतरी चुकलं असेल असं मला आधी वाटतं. अशा माणसाने सुगंधाच्या वाटेला जाऊ नये. पण रामवाडीतला माझा दोस्त अश्फाक मस्कतहून सुट्टीवर आला आणि त्याने माझ्या हातात एक इवलीशी बाटली ठेवली.

"व्हॅनिला हाय. एकदम मऊ वास. पन एक थेंब बस हां!"

तो एक थेंब मनगटावर लावला आणि मी जागच्या जागी मोठा माणूस झालो! आजवर अंगाला साबण आणि दिवाळीला उटणं, एवढीच माझी चैन. आता मी जगाकडे नाकातून बघू लागलो. बँकेच्या रांगेत पुढच्या गृहस्थांच्या टाल्कम पावडरीला मी मनातल्या मनात नाक मुरडलं. (त्यांची इथे माफी मागतो. बिचाऱ्यांच्या अंगाला निदान माणसाचा तरी वास होता!)

"कसा येतोय वास?" मी बायकोला, सुलभाला विचारलं.

"बरा हाय. पन तुमी जवळ आलात की भूक लागते."

हे मी कौतुक समजलो. पन्नाशीच्या पुरुषाला कौतुक ओळखायची सवयच नसते, त्यामुळे जे मिळेल ते तो कौतुकात जमा करतो.

पुढच्याच रविवारी रोह्याला माझ्या भाचीचा, मानसीचा साखरपुडा होता. पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचा मान आमच्या घरात मामाचा. अत्तरदाणी मानसीच्या आईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, कुंदाताईची, आणि तिच्यात वर्षानुवर्षं तेच ते हिनाचं अत्तर. त्या वासाने लग्न जमतं आणि डोकं उठतं! म्हटलं, आज रोह्याला जरा उंची वासाची ओळख करून द्यावी. कुणालाही न विचारता मी ती अत्तरदाणी धुतली आणि तिच्यात अख्खी बाटली ओतली.

मुलाकडची मंडळी कासूहून आली. नवऱ्या मुलाच्या आजीपासून शेंबड्या पोरांपर्यंत एकेकाला गाठून मी अत्तर फासलं. मुलाच्या काकांना तर ते इतकं आवडलं की त्यांनी "लावा, लावा!" म्हणत दोन्ही हात पुढे केले. हॉलच्या खिडक्या बंद, पंखे जोरात. बघता बघता हॉलची बेकरी झाली.

आधी पोरांनी 'केक कधी?' म्हणून भोकाड पसरलं. मग मोठी माणसं माना उंच करून स्वयंपाकघराकडे बघू लागली.

"केक पन ठेवलाय वाटतं?" काकांनी कुंदाताईला विचारलं.

"नाय ओ. जिलबी हाय."

"मंग वास कसला येतोय?"

"मला नाय येत." (तिला सर्दी झाली होती. काही माणसं नशीब घेऊनच जन्माला येतात!)

काकांचा चेहरा पडला. "म्हंजे केक तुमच्या मान्सांना आनि आमाला जिलबी व्हय? आधी केक भायेर काढा, मंग पुडा!"

झालं! पाटावर बसलेल्या मानसीचे डोळे भरले. काका स्वयंपाकघरात जाऊन वरणाच्या टोपाचं झाकणसुद्धा उघडून आले. मग खुर्च्यांच्या रांगा हुंगत हुंगत निघाले आणि नेमके माझ्यापाशी थांबले.

"हितं हाय! मामांनी खाल्ला केक!"

"आख्खा?" मागून कुणीतरी आदराने विचारलं.

खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, खाल्ला असेल आपण!

"मामा, काहीतरी बोला ना!" मानसी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"शप्पत, मी खाल्ला नाय," मी म्हणालो. "तो... तो माझाच वास हाय."

कुणालाच पटेना. शेवटी मी अत्तरदाणी डोक्यावर धरली. "केक नाय ओ, अत्तर हाय! तुमच्या पन हातांना तोच वास हाय. हुंगा!"

सगळ्या हॉलने एकदम हात नाकाला लावले. आजींनी तर हुंगून, खात्री करायला मनगट चाटून पाहिलं.

"शी! कडू हाय मेला!"

हॉल असा हसला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. काकांनी आधी उजवा हात हुंगला, मग डावा, आणि दोन्ही गुपचूप पाठीमागे लपवले. "द्या, पुडा द्या," ते पुटपुटले. मानसीच्या हातात साखरेचा पुडा पडला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

जेवताना कुंदाताई माझ्या पानात जिलबी आपटून म्हणाली, "पन्नाशी आली ना रे तुजी? साबनाने काय घोडं मारलं होतं?"

मी जिलबी तोंडाशी नेली, तर तिलाही केकचा वास!

आता लग्न आलंय. अत्तरदाणी कुंदाताईने कपाटात कुलपाआड ठेवली आहे. मी बिचकत म्हटलं, निदान अक्षता वाटतो. तर ती म्हणाली, "नको, तांदळाला वास लागंल!" शेवटी खूप विचार करून घरच्यांनी मला हॉलच्या दाराशी चपला राखायला बसवायचं ठरवलंय.

"तिथं मात्र अश्फाकभाईंकडनं दुसरी बाटली घिऊन बसा," सुलभा म्हणाली. "चपलांना गरज हाय."