सरकलेला रकाना

माझ्या लेकीची, दीक्षाची, दुसरी पाळी आहे. कुरकुंभहून कंपनीची बस दौंडला यायला साडेअकरा होतात, आणि ती दारात येईपर्यंत मला झोप येत नाही. मेळावा होऊन आठ दिवस झाले, तरी डोक्यात तेच चालू आहे. म्हणून ठरवलं, बसून राहण्यापेक्षा नागसेन भाऊजींबद्दल लिहावं.

नागसेन भाऊजी आमचे शेजारी. दोन घरांत एकच भिंत. दौंड स्टेशनच्या मालधक्क्यावर एकतीस वर्षं क्लार्क होते. वॅगनचे नंबर, वजन, कुठून आली, कुठं चालली, सगळं हाताने लिहायचं, खाली कार्बन. शेवटच्या दोन वर्षांत ऑफिसात कंप्युटर आले. एकदा त्यांनी कीबोर्डला हात लावला, तर नवीन लागलेला एक क्लार्क म्हणाला, काका, तुम्ही राहू द्या. एवढंच. पण ते वाक्य त्यांना इतकं लागलं की २००२ साली रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती जुना कंप्युटर, चौदा हजाराला, पुण्याहून. घराला रंग द्यायचा राहिला. त्यांच्या पत्नी ताईबाई वहिनी अजून त्या रंगाची आठवण काढतात.

वर्षभरात ते शिकले. कुठल्या क्लासला गेले नाहीत. पुस्तक समोर उघडून एकेक बटण दाबत बसायचे आणि जे साधेल ते वहीत उतरवायचे. कॉलनीत कुणी भेटलं की त्यातली एखादी युक्ती सांगायचेच. लाइट जाते, म्हणून दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस, केलेलं जपून राहतं. चुकलं तर घाबरायचं नाही, कंट्रोल झेड, एक पाऊल मागे. मी कधी कंप्युटरला हात लावला नव्हता, तरी मला हे पाठ झालं होतं. घरखर्च एक्सेलमध्ये. दूध, गॅस, वहिनींचं पाटसला माहेरी जायचं एसटीचं तिकीट. वहिनी म्हणायच्या, "आता मी शिंकले तरी त्याच्यात लिवा." भाऊजी खरंच विचारायचे, कुठल्या सदरात टाकू?

कंप्युटरला येत नाही असं काहीच नाही, हे त्यांचं ठाम मत. कुणी शंका काढली की ते त्याला घरी घेऊन यायचे आणि करून दाखवायचे.

आणि वाचायचे. भज्याचा कागद, औषधाच्या बाटलीबरोबरची चिठ्ठी, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. विहाराच्या कपाटातली पुस्तकं तर दोनदा झाली होती. मी बी.ए. झालेली, एकविसाव्या वर्षी लग्न. पुढे हातात आलं ते किराणा दुकानाचं बिल आणि मुलीच्या शाळेची डायरी. एक दिवस भाऊजी म्हणाले, वहिनी, तुमचं शिक्षण पडून राहिलंय, माझी प्रुफं वाचत जा. तेव्हापासून त्यांनी टाइप केलेली प्रत्येक पत्रिका, अर्ज, जयंतीची पावती माझ्या नजरेखालून जाते. कामाचे पैसे म्हणून ते पानाला दोन रुपये देतात. मी नको म्हटलं की एक्सेलमध्ये माझ्या नावावर जमा करतात.

यंदा शिरूरला आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा ठरला. दौंड आणि शिरूर, दोन्ही तालुक्यांचा. अध्यक्ष शिरूरचे बबनराव. परिचय पुस्तिका टाइप करायचं काम भाऊजींनी आपणहून अंगावर घेतलं, फुकट. एकशे सव्वीस मुली, एकशे चाळीस मुलं. नाव, गाव, जन्मसाल, शिक्षण, नोकरी, आणि शेवटचा रकाना विवाहाचा. प्रथम, घटस्फोटित, विधवा, विधुर.

त्यात अकरा नंबरला आमची दीक्षा होती.

दीक्षा चोवीसची. बी.एस्सी., कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी तिला शिक्रापूरकडे दिली होती. चौदा महिन्यांत ती बॅग घेऊन परत आली आणि गेल्या वर्षी कोर्टातून मोकळी झाली. काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. स्थळ मी बघितलं होतं, एवढं लिहिते. मेळाव्याचा फॉर्म तिने स्वतः भरला. शेवटच्या रकान्यात काय लिहिलं ते मी बघितलं होतं, आणि दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते.

प्रेसमधून प्रूफ आलं ते शिरूरच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती. दीक्षा कामावर गेलेली, यांची पाटसच्या कारखान्यात गळिताची ड्युटी. मी एकटीच होते. आधी अकरा नंबर काढला. दीक्षाच्या नावापुढे लिहिलं होतं, प्रथम.

मला वाटलं, भाऊजींनी मुद्दाम केलं. शेजारधर्म म्हणून. डोळे भरून आले. मग पुढे वाचत गेले. शेवटच्या पानावर एकशे चोवीस नंबरला पाटसची राजश्री. तिचे वडील यांच्याबरोबर कारखान्यात आहेत, पोरगी आमच्या मांडीवर वाढलेली. नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागली, अजून एकही स्थळ बघितलेलं नाही. तिच्या नावापुढे, घटस्फोटित. आणि तिच्या वरच्या-खालच्या, ओळीने आणखी नऊ मुली, सगळ्या घटस्फोटित नाहीतर विधवा.

चूक माझ्या लक्षात आली. दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

प्रूफ त्याच संध्याकाळी परत द्यायचं होतं. मी सांगितलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पाहुणे आलेत. दोन दिवस ते कागद गहू ठेवायच्या पिंपावर, परातीखाली ठेवले. डोक्यात हिशेब चालायचा. राजश्रीला सगळे ओळखतात, तिच्या ओळीत छापायची चूक झाली म्हणून कुणीही सांगेल, निभावून जाईल. दीक्षाची ओळ एकदा छापून गेली की गेली, निदान लोक घरी तरी येतील. घरी आल्यावर सांगता येईल हळूच. एकदा तर मी पेन घेऊन फक्त राजश्रीच्या ओळीवर खूण केली. मग तिच्या वरच्या मुलीचं नाव वाचलं. ती देऊळगावची. तिलाही आई असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन गेले. भाऊजींनी एकदाच बघितलं आणि खुर्चीत बसले. मग जे सांगितलं ते असं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर बबनरावांचा फोन आला होता की घटस्फोटित आणि विधवा पुस्तिकेत शेवटी टाका, मधे मधे बरं दिसत नाही. भाऊजींनी तो एक रकाना निवडला आणि आधी प्रथम, मग बाकीच्या, अशा क्रमाने लावायला सांगितला. कंप्युटरने मधे एक चौकट आणली, इंग्रजीत, तीन ओळींची. फक्त हा रकाना हलवू, की त्याच्याबरोबर बाकीचेही? भज्याचा कागद वाचणाऱ्या माणसाने ती वाचली नाही. दाबून दिलं. नावं जागेवर राहिली आणि पुढचा रकाना सरकला. पाच मिनिटांनी सवयीने कंट्रोल एस.

"म्हंजी आता मागं जायला रस्ता न्हाई," ते म्हणाले. "फॉर्म काढावं लागतील."

फॉर्म खोक्यात होते, आलेल्या क्रमाने. लाइट दोन वाजता जाणार होती. मी फॉर्म वाचायचा, त्यांनी टाइप करायचं, असं ठरलं. एक, प्रथम. दोन, प्रथम. तीन, विधवा. माझा आवाज चांगला चालला होता. अकरा नंबरचा फॉर्म हातात आला. दीक्षाचं अक्षर बारीक आणि सरळ आहे.

मी म्हणाले, "प्रथम."

बटणांचा आवाज थांबला. भाऊजींनी मान वळवली नाही.

"वहिनी, हा फॉर्म मीच घेतलाय तिच्याकडनं."

मी फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला.

"मला काय, दोन सेकंदाचं काम हाय. करतो बी. पण तिला इचारलंय का?"

मी म्हटलं, तिला काय कळतंय. आतून ताईबाई वहिनी म्हणाल्या, तिला लॅबमधली औषधं कळतात आन् हे कळत न्हाई व्हय? भाऊजींनी त्यांना गप्प केलं, पण ती ओळ रिकामी ठेवून पुढे गेले नाहीत. हात मांडीवर घेऊन बसून राहिले. शेवटी मीच भिंतीवर थाप मारून दीक्षाला हाक मारली. ती ड्युटीला निघायच्या तयारीत होती, हातात डबा.

तिला सगळं सांगितलं भाऊजींनी. मी खोक्याकडे बघत होते. दीक्षाने फॉर्म घेतला, आपलं अक्षर बघितलं आणि परत दिला.

"आहे ते लिहा काका. त्या घरात मी चौदा महिने होते, ते कोऱ्या कागदासारखं कसं दाखवू?" मग म्हणाली, "पण आम्हाला शेवटी का ढकलताय? मी अकरावा फॉर्म दिला, अकरा नंबरला राहू द्या."

भाऊजी म्हणाले, अध्यक्षांचं म्हणणं आहे. ती म्हणाली, मग माझं नावच काढा. माझ्याकडे बघितलंही नाही. तिची बस होती, ती गेली.

आम्ही बाकीचे फॉर्म पुरे केले. त्यात घटस्फोटित नाहीतर विधवा अशा आणखी आठ जणी होत्या. लाइट जायला पंधरा मिनिटं असताना भाऊजींनी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून शिरूरला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. बबनरावांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. क्रम बदलला का? भाऊजींनी टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई झालं, बबनराव. आपल्या कंप्युटरला ते येत न्हाई."

पलीकडे हसणं ऐकू आलं. बबनराव काय म्हणाले ते भाऊजींनी मला सांगितलं नाही, पण मेळाव्याच्या दिवशी मी स्वतः ऐकलं. शिरूरच्या त्या हॉलमध्ये, माइकवर, सगळ्यांसमोर. पुस्तिका वेडीवाकडी झाली असेल तर सांभाळून घ्या, आमचे दौंडचे नागसेनराव, रिटायर माणूस, त्यांना आणि त्यांच्या मशीनला जेवढं जमलं तेवढं केलं. लोक हसले. पुढच्या रांगेत कुणी तरी म्हणालं, काकांना पाटी-पेन्सिल बरी. भाऊजी खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांना उठून एका मिनिटात सगळं करून दाखवता आलं असतं.

माझ्या दोन रांगा पुढे एक बाई पुस्तिका चाळत होती, शेजारी तिचा मुलगा. तिचं बोट खाली सरकत अकरा नंबरवर आलं आणि तिथे थांबलं. दीक्षा माझ्या बाजूला केळं सोलत होती. त्या बाईने मागे वळून हॉलभर नजर फिरवली. कुणाला शोधत होती, कळलं नाही.

पावणेबारा झाले. अजून बस नाही.