तुमच्याकडे पाहुणा कोणाला म्हणतात?

“तुमच्याकडे पाहुणा कोणाला म्हणतात?” फोन कानाला, चष्मा कपाळावर, आणि पलीकडे जर्मनीतली कुठली तरी नगरपालिका. काकांची जर्मन अस्खलित होती, पण सूर पक्का सांगलीचा.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. न्युरेम्बर्गच्या आमच्या ऑफिसात काका, म्हणजे आम्हा सगळ्यांचेच काका, सगळ्यांत जुने मराठी इंजिनिअर. पुण्याहून येणाऱ्या पोरांची राहायची सोय तेच बघायचे, आणि त्यातून हा नाद लागला. इथल्या हवापालटाच्या गावांत हॉटेलच्या भाड्यावर आणखी एक कर असतो, कुअरटाक्स. दर रात्री, दर माणशी. आणि तुम्हाला सांगते, दोन शेजारच्या गावांचे नियम कधी जुळतील तर शपथ. एकीकडे कामासाठी आलेल्याला माफ, दुसरीकडे त्यालाही लागू. एका गावात तर कुत्र्यालाही कर, पण मुलाकडे राहायला आलेल्या आईला माफ.

“म्हणजे बघ, कुत्रा पाहुणा आणि आई घरची. आल्झो, तर मग हे गाव मला पटलं,” काका म्हणायचे आणि दिवसभर खुशीत असायचे.

नवी पोरं त्यांना चिक्कू म्हणायची. कसलं काय. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या कोणाला खिशात हात घालू देतील तर ना. त्यांना पैसे वाचवायचे नव्हतेच, गाव कोणाला आपलं मानतं आणि कोणाला परकं, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

मग काकूंना पक्षाघात झाला. चाकाची खुर्ची आली. जीभ मात्र शाबूत, उलट धार वाढलेली. पण घराबाहेर पडायचं नाव काढेनात. “अहो, लोकांनी बघायला मी काय प्रदर्शन आहे?” असं म्हणून पडदा ओढून घ्यायच्या. असं वर्ष गेलं.

“आत्ता नाही बाहेर काढली ना, तर ही कायमची त्या खोलीतच राहील,” काका एकदा कॉफीच्या मशीनपाशी मला म्हणाले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी एकमेकांना लागून असलेली दोन गावं हेरली. दोन्हीकडे फोन झाले. पहिल्या गावात, आजारपणामुळे ज्याला खोली सोडता येत नाही त्याला कर माफ. दुसऱ्यात, आजाऱ्याच्या सोबत्याला माफ.

“पहिल्याच्या लेखी ही पाहुणी नाही, दुसऱ्याच्या लेखी मी नाही,” काका वैतागले. शेवटी पहिलं गाव ठरलं, कारण तिथल्या बागेतले रस्ते सपाट होते. काकू कशाबशा तयार झाल्या, तेही एका रात्रीपुरत्या. गाडी मी चालवली.

हॉटेलच्या काउंटरवरची बाई भली होती. तिने खुर्चीकडे पाहिलं आणि हळू आवाजात काकांना म्हणाली, “बाईसाहेबांचा कर राहू द्या. ज्यांना खोलीबाहेर पडता येत नाही त्यांना माफ असतो.”

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. हा नियम त्यांनीच फोनवर विचारून घेतला होता. आता काकू म्हणणार, चला परत, असं माझ्या मनात आलं.

काकूंना जर्मन बोलता येत नसे, पण चांगली समजायची. त्यांनी पदर सारखा केला. “अहो, तिला सांगा, माझा कर घे म्हणावं. मी बागेत जाणार आहे.”

काका चष्मा पुसत राहिले. मीच ते जर्मनमध्ये सांगितलं.

पुढे काकू गेल्या. काका निवृत्त होऊन सांगलीला परतले. दोघांची आठवण आली की आजही डोळ्यांसमोर येते ती बागेतली संध्याकाळ. वाद्यवृंद वाजत होता. पावसाची भुरभुर सुरू झाली, लोक उठून गेले. मी म्हटलं, “काकू, आत जाऊ या.”

“बस गं. कर भरलाय.”

मागे काका उभे होते. छत्री सगळी काकूंवर धरलेली, आणि स्वतः भिजत होते.