बाळाच्या यादीतून मी काय खोडलं

वहिनीला पाचवा महिना लागला तेव्हा तिने एक यादी छापून आणली. तीन पानं. नव्या आईबापांना काय काय लागतं हे फोनवरच्या कुठल्याशा ॲपने ठरवलेलं. ती पानं तिने जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "लीडर साहिबा, ज़रा देख लीजिए. काटना तो आपको खूब आता है."

आम्ही लखनौत राहतो. वहिनी इथलीच, चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यातली. आमच्याकडे येऊन तिला दोन वर्षं झाली होती. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. लीडर साहिबा हे नाव तिने मला लग्नाच्या आठवड्यातच ठेवलं, आमचा फ्रिज पाहून.

आमच्या घरात लिहून भांडायची रीत आहे. बाबा रेल्वेच्या कारखान्यात होते. भुसावळहून बदली होऊन इथे आले ते निवृत्त होईपर्यंत युनियनची पत्रकं लिहीत राहिले. शाळेत असताना दादा आणि मी चारबागला कारखान्याच्या फाटकाशी उभे राहायचो. तो घड्या घालायचा, मी वाटायचे. घरातही तोच कायदा. टीव्ही किती वेळ, सुट्टीत कुठे जायचं, कुणाचं काय चुकलं, जे म्हणायचं ते एका पानात लिहायचं, खाली सही करायची आणि फ्रिजवर लावायचं. ओरडून सांगितलेलं धरलं जायचं नाही. माझ्या प्रत्येक पानाखाली दुसरी सही दादाची असायची. मी मोठी झाले, वर्तमानपत्रांत लिहू लागले, तरी पहिला वाचक तोच. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो माझ्या खोलीत यायचा, उभ्याउभ्याच वाचायचा आणि "हा मुद्दा वर घे" म्हणायचा. मी घ्यायचे.

वहिनी आल्यावरही हे चालू होतं. थांबलं ते फेब्रुवारीत. आता रविवारी सकाळी तो तिच्या पोटाजवळ बसून ॲप वाचायचा. "या आठवड्यात बाळ पेरूएवढं झालंय!" हे सगळ्या घराला ऐकू जायचं. पुढच्या वेळी आंबा. मी माझ्या खोलीत चार लिहिलेली पानं घेऊन बसलेली असायचे आणि भिंतीपलीकडे माझा भाऊ एका फळाला त्याचंच वजन वाचून दाखवत असायचा. मला त्या पेरूचा राग यायचा. लिहून पोट भरणाऱ्या बाईला न जन्मलेल्या पोराचा हेवा वाटत होता. त्यासाठी शब्द नव्हते असं नाही. मी त्या शब्दांच्या वाटेला जात नव्हते.

अशात ती यादी हाती आली. मी नुसती खोडून दिली नाही, रीतसर पत्रक लिहिलं. 'बाळाला खरंच काय लागतं?' कंपन्या आईबापांच्या भीतीवर धंदा करतात, जितकी भीती तितकं सामान, अशी सुरुवात केली. मग एकेक वस्तू घेतली. बाबागाडी: आमच्या सेक्टरातल्या खडीवरून आणि गायींमधून ती फाटकाबाहेर दहा पावलं जाणार नाही. बाटल्या उकळायचं विजेचं यंत्र: घरात पातेलं आहे. ओले रुमाल गरम ठेवायची पेटी: जूनमध्ये इथे नळाचं पाणीच चटका देतं. लोकरी मोजे आणि जाड दुलई: ज्या देशात ही यादी लिहिली तिथे लागत असेल. कठड्याची लाकडी कॉट मी सगळ्यात जोरात खोडली. बाळाची जागा आईच्या कुशीत असते, त्याला जन्मल्या जन्मल्या गजांआड टाकणारी ही कसली संस्कृती, वगैरे. शेवटी शिल्लक राहिलं ते एवढंच: सुती लंगोट, झबली, जुन्या साड्यांची दुपटी, मच्छरदाणी.

त्यातला एकही मुद्दा मी आजही मागे घेणार नाही. पण त्या पत्रकात एक गोष्ट नव्हती, आणि ती मी जाणूनबुजून ठेवली नव्हती.

वृंदावन योजना या वसाहतीतलं आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दादा-वहिनीची खोली पश्चिमेला. उन्हाळ्यात दिवेलागणीलाही तिच्या भिंतीला हात लावता येत नाही. आई-बाबांची खोली रस्त्यावर, दिवसभर हॉर्न. माझी खोली लहान, पण उत्तरेची. बाहेर कडुनिंब आहे आणि खिडकीत कूलर बसतो. घरात गार खोली तेवढी एकच. बाळ जूनच्या शेवटी येणार होतं. जूनच्या शेवटी लखनौत जन्मणाऱ्या बाळाला सगळ्यात आधी काय लागतं, हे आईला कळत होतं, दादाला कळत होतं आणि मलाही. माझी टेप घेऊन खोली मोजूनही झाली होती. पलंग आणि कॉट आत आली की माझं लिहायचं टेबल बाहेर. म्हणून कॉट एवढ्या जोरात खोडली.

पत्रक फ्रिजवर लागलं. वहिनीने अक्षर अक्षर लावत वाचलं. "वाह! सब कट गया. मैं तो बची हूँ न?"

सगळे हसले, मीही हसले. दादा म्हणाला, "सही नंतर करतो." त्याने ती केली नाही.

मला धीर एकाच गोष्टीचा होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. डोहाळजेवण झालं की वहिनी चौकात जाणार, बाळ तीन महिन्यांचं झालं की येणार. तोवर ऑक्टोबर. खोलीचा प्रश्नच मिटला, आणि मधल्या रविवारी दादा रिकामा. या हिशेबावर मी इतकी खूश होते की वहिनीला कैरी चिरून द्यायचे, तिच्या पायाला तेल लावायचे. यादीत उरलेले लंगोट नि दुपटीही आम्ही कुणी जमवली नव्हती. माहेरी होईल की सगळं.

एप्रिलच्या शेवटी डोहाळजेवण झालं. वहिनीची आई मिठाई घेऊन आली. जेवणं उरकल्यावर आईने त्यांना सरबत दिलं आणि सहज विचारलं, "तो आप इसे कब ले जा रही हैं?"

"कहाँ?"

"घर. हमारे में पहला बच्चा मायके में होता है ना."

त्यांना ती थट्टा वाटली. त्या हसल्या. मग आमचे चेहरे पाहून थांबल्या. "अरे नहीं बहन जी! हमारे यहाँ तो पहला बच्चा ससुराल में ही होता है. हम लोग बच्चा होने के बाद सामान लेकर आते हैं. पहले से कुछ जोड़ना अच्छा नहीं मानते."

दवाखाना याच शहरात, डॉक्टरीण ठरलेली, तपासण्या चालू, त्यामुळे बाळंतीण कुठल्या घरात असेल हे दोन्ही घरांत कुणी विचारलंच नव्हतं. दादानेही नाही. त्याला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. दोन महिने उरले होते आणि दोन्ही घरांत मिळून एक लंगोट नव्हता.

वहिनी फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेली होती. ती म्हणाली, "मतलब आप लोगों ने सोचा था, मैं तो चली ही जाऊँगी. इसीलिए सब कट गया."

आई म्हणाली, "अगं नाही गं, तसं कसं..."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "और मैं समझी, उसूल है." तिला ते माझं तत्त्व वाटलं होतं.

मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी बोल लावले आहेत. त्यातलं एवढं खोल काही लागलेलं नाही. ती तिच्या आईला म्हणाली, "मम्मी, मुझे ले चलिए." तिच्या आईने नुसता तिचा हात धरला. त्यांच्या घराला तीन अरुंद जिने होते. शिवाय अशी मुलगी परत नेली तर सासरच्यांनी धाडली असंच सगळी गल्ली म्हणणार. वहिनीला ते कळलं. तिने एकेक दागिना काढून ताटात ठेवला आणि आत गेली, त्या तापलेल्या खोलीत.

संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. हातात फ्रिजवरचं पत्रक. इतकं सगळं होऊनही माझं मन आधी एवढंच म्हणालं की आला, माझ्याकडे आला. तो उभ्यानेच वाचू लागला.

"बाबागाडीला एक ओळ," तो म्हणाला. "यंत्राला एक. कॉटला सात."

"मग?"

"तुझं खरं असतं तेव्हा एका ओळीत असतं."

मी टेबलावरचे कागद जुळवू लागले.

"आणि यात एक गोष्ट राहिलीये."

"मग तू सांग ना! तुझी सही नाही, तुझं मत नाही, नुसते पेरू आणि आंबे. तुला हवी आहे तर तोंडाने माग."

"मला तुला ऊठ म्हणता येत नाही," तो म्हणाला. "म्हणून तर इकडे येत नव्हतो. आलो की टेबल दिसायचं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तिच्यासाठी त्याने तीन महिने तोंड लपवलं, एवढं तिचं वजन, हेही मला खुपलं. तो पत्रक टेबलावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनीच्या खोलीत गेले. ती कपाटाला टेकून फरशीवर बसली होती, मानेभोवती ओला गमछा. पलंगावर बसवत नव्हतं इतकी गादी तापली होती. मी दारातूनच म्हणाले, "वहिनी, मला हेवा वाटतोय."

"किससे? मुझसे?"

"थोडा तुझा. जास्त बाळाचा."

वाटलं, आता रडेल किंवा हाकलेल. ती म्हणाली, "बस? इतनी सी बात के लिए पूरा पन्ना लिख डाला?" मग तिने पाय लांब केले. "वो गाड़ी मैंने लिस्ट में क्यों रखी थी, पता है? गोमती नगर वाली मेरी बहन के पास है. बच्चे को मॉल में घुमाती है और रोज़ स्टेटस लगाती है. जलन है, और क्या."

एवढंच. ना मुद्दे, ना शीर्षक. जी गोष्ट कबूल करायला मला फेब्रुवारी ते एप्रिल लागले ती तिने गमछ्याने घाम पुसता पुसता सांगून टाकली. मला तिच्या त्या सहजपणाचाही हेवा वाटला.

मग आम्ही फरशीवरच यादी पसरली. या खेपेला पेन तिच्या हातात होतं. बाबागाडी तिनेच खोडली, जरा वेळ तिच्याकडे बघून. दुलई, पेटी, यंत्र गेलं. कॉट तिने ठेवली. "मैं नींद में लात मारती हूँ, अपने भैया से पूछ लीजिए." यावर माझ्याकडे तत्त्व नव्हतं. दुपटी आई शिवणार होती, आणि चौकातून तिची आई वापरलेली मऊ झबली पाठवणार होती, कारण जुनं दिलेलं अपशकुनात धरत नाहीत म्हणे. शेवटी मी पेन मागून घेतलं आणि सगळ्यात वर लिहिलं: माझी खोली.

वहिनी म्हणाली, "सोच लीजिए."

"विचार केला की मी परत सात ओळी लिहीन."

टेबल दारातून निघेना. पाय सोडवावे लागले. मी खाली आडवी होऊन स्क्रू काढत होते आणि वहिनी एकेक स्क्रू ओंजळीत धरून उभी होती. आम्ही दोघींनी टेबल हॉलमध्ये आणलं, बाल्कनीच्या दाराशी भिंतीला लावलं, वर माझे कागद रचले. मग ती सोफ्यावर जाऊन पडली.

दादा कामावरून आला. बूट काढले आणि टेबलाला वळसा घालून सरळ वहिनीकडे गेला. पायाशी बसला आणि पोटाला कान लावला. मी कागदांमागे उभी होते. पाय सोडवून, खोली सोडून, वरून कबुली देऊनही मला त्या क्षणी दोघांचा पहिल्याइतकाच राग आला.

वहिनीने त्याच्या डोक्याला हात लावून ते बाजूला ढकललं. "ये कहीं भागा नहीं जा रहा. पहले उधर देखिए."

तो वळला. टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर छताकडे.

"इथे पंखा पोचत नाही," तो म्हणाला. "उकडेल तुला."

"उकडू दे," मी म्हणाले.

तो उठला आणि टेबलाची एक बाजू धरली. "दुसरीकडून धर. दोन हात पुढे घेऊ."