मनाईची वही

माझे मामा एकतीस वर्षं परवान्याच्या जुगारी क्लबात दरवान होते. रस्त्यावरून आतलं काही दिसता कामा नये असा नियम, म्हणून क्लबाचं शटर कायम अर्धं खाली. आत यायचं तर वाकून. त्यामुळे शटरमागं स्टुलावर बसलेल्या मामांना माणसाचे आधी पाय दिसायचे, तोंड मागाहून.

लोक त्यांना नकोमामा म्हणत. परवान्याची आणखी एक अट होती. ज्याला स्वतःचाच भरवसा वाटत नाही, त्यानं यावं, ‘मला आत सोडू नका’ म्हणून वहीत नोंद करावी. पुढं तो कितीही गयावया करो, सोडायचं नाही; सोडलं तर परवाना गेला. ती वही मामांच्या ताब्यात. पण मामा त्यात नाव लिहीत नसत. नाव लिहिलं की बोभाटा झालाच, असं त्यांचं म्हणणं. मग नोंदी अशा: ‘पोस्टातला, उजवी चप्पल करकरते.’ ‘चश्मेवाले मास्तर, फेंगडे.’ ‘शिंपीबुवा, डावी टाच घासतात.’

तपासणीचे साहेब दरवर्षी डाफरायचे, “ही वही आहे की चांभाराचं दुकान?”

“साहेब, माणूस तोंड लपवतो, पाय लपवत नाही,” मामा म्हणायचे.

एकदा शिंपीबुवा भर दुपारी मिशी सफाचट करून, कुणाची तरी टोपी डोळ्यांवर ओढून आले. मामांनी स्टुलावरूनच तंगडी आडवी घातली.

“शिंपीबुवा, मिशी कुठं विसरलात?”

“अहो, ओळखलंत कसं?”

“टाच बरोबर घेऊन आलात ना!”

मग दोघं फुटपाथवर बसून चहा प्यायले. ही हकिकत मामा आम्हा भाचरांना इतकी रंगवून सांगत, की ते शिंपी आम्हाला घरचेच वाटायचे.

पुढं जुगार मोबाइलमध्ये शिरला. सुरुवातीला त्याला कायदाच नव्हता. मग बंदी आली, तर कंपन्या परदेशात बसून खेळ चालवू लागल्या. शेवटी सरकारनं परवाने दिले आणि मनाईची एकच यादी केली. कुठल्याही कंपनीनं यादीतल्या माणसाला खेळू द्यायचं नाही. तोवर क्लबाला टाळं लागलेलं. जुन्या वह्या महिनाअखेरपर्यंत नव्या कचेरीत द्या, असं फर्मान निघालं. मामा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मीही गेले सोबतीला.

खिडकीतल्या मुलीनं वही उलटसुलट पाहिली. “आजोबा, यात एकही नाव नाही.”

“पाय आहेत ना.”

“मोबाइलला पाय दिसत नाहीत, आजोबा.” बिचारी हसली नाही. तिनं कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढं केला. “ज्याचं त्यानं भरून द्यायला हवं.”

मामा जिन्यातच बसले. “त्रेचाळीस माणसं, पोरी. लाज झाकायला गेलो त्यांची, आणि उघड्यावर टाकून बसलो.”

पुढचे तीन आठवडे बहात्तर वर्षांचा हा माणूस दारोदार हिंडला. काहीजण वारले होते. काहींनी ‘कोण तुम्ही?’ म्हणून दार लावलं. अठरा जणांनी अर्ज भरले. शिंपीबुवांना मामांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथं नकार आला असता, तर पुढं जायला पाय उचलला नसता.

दुकानात मशीन खडखडत होतं. मामा उंबऱ्यात थांबले आणि सवयीनं खाली बघितलं. पाय चालत होता, पण सुईखाली कापड नव्हतं. रिळाला टेकून मोबाइल उभा, त्यात रंगीत चक्र फिरत होतं.

शिंपीबुवांचा पाय थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. “सून आत आहे,” ते हळूच म्हणाले. “मशीन थांबलं की तिला कळतं.” मग कसनुसं हसले. “नकोमामा, इथं कुठलं शटर लावाल? मी माझ्याच दुकानात बसलोय.”

मामा आत आले. बाकावर बसले आणि आपली तंगडी मशीनपुढं आडवी पसरली.

शिंपीबुवांनी त्या तंगडीकडं बघितलं. मग मोबाइल पालथा घातला. अर्ज घेतला, कानावरची पेन्सिल काढली. मी माझं पेन पुढं केलं. मुदतीपाशी ते अडले. सहा महिने, एक वर्ष, पाच वर्षं.

“तुमच्या वहीत किती होती हो?”

“मी दारात आहे तोवर.”

“ते इथं छापलेलं नाही.” त्यांनी एक वर्षावर खूण केली. “पुढल्या वर्षी या. मग बघू.”

“म्हणजे मला जिवंत राहायला लावता म्हणा की!”

मामांनी अर्ज न वाचताच घडी करून खिशात घातला. बाहेर आल्यावर मी विचारलं, “नाव काय हो त्यांचं?”

“मला काय ठाऊक?” मामा म्हणाले, आणि मागं मशीन पुन्हा सुरू झालं तसे तिथंच उभे राहिले. आवाज जड येत होता, कापडावरचा. तो नीट ऐकून घेतल्यावरच ते चालू लागले.