चेंडूला हळदकुंकू

उंबऱ्यावर ठेवलेला एक चामड्याचा चेंडू... शिवणींत काळी माती बसलेला, एका अंगाने जरासा दबलेला, आणि त्याच्या कपाळावर — चेंडूला कपाळ असतं हे मला लहानपणी पक्कं ठाऊक होतं — हळदीचं बोट आणि त्यावर कुंकू. दिवेलागणीची वेळ, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचा धुरकट वास साऱ्या गल्लीत कोंदलेला, अंगणात धुळीने माखलेल्या पायांची गर्दी, आणि दारात पदर सावरून उभी असलेली कुणाची तरी आई, जिला त्या घटकेला आपल्या घराचा एवढा अभिमान वाटत असे की बोटाचं कुंकू पुसायचंही तिला भान राहत नसे.

आमचं गाव चोपड्याजवळचं, केळीचं आणि कापसाचं. अशा गावात फुटबॉल कुठून आला, तर नानांच्या सामानातून आला. नाना भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त होऊन परतताना एक ट्रंक, एक वळकटी आणि एक चेंडू घेऊन आले, आणि कापूस वेचून झालेल्या शेतात पोरांना उभं करून खेळ शिकवू लागले. पुढे मंडळ झालं, हिवाळ्यात रविवारी-रविवारी आसपासच्या गावांशी सामने होऊ लागले, आणि फैजपूरकडून हरणं हा आमच्या गावाचा वार्षिक विधी होऊन बसला. मग बाहेरगावचा एखादा गडी आणायची प्रथा पडली. हा पाहुणा गडी सामन्याच्या दिवशी कुणाकडे जेवेल याचे वार ठरत, जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत ना, तसे. ज्या घरी तो जेवला त्या घरचं अन्न त्याच्या पायात उतरतं, अशी गावाची श्रद्धा. संघ जिंकला की संध्याकाळी चेंडू मिरवत त्या घरी आणायचा आणि घरच्या बाईने त्याला हळदकुंकू लावायचं. त्यामुळे ज्या बायांनी आयुष्यात कधी सामना पाहिला नव्हता, त्याही फैजपूरच्या गोलरक्षकाला नावानिशी शिव्या घालत.

या सगळ्या कारभाराचं सभागृह म्हणजे आमचा ओटा. माझ्या वडिलांचं, भाऊंचं, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. रबराच्या सोल्यूशनचा गोडसर वास, ट्यूब बुडवायचं गढूळ पाण्याचं घमेलं, खिळ्याला टांगलेल्या चेनी, आणि बाहेरच्या ओट्यावर सामना संपल्यापासून पुढचा सामना सुरू होईपर्यंत चालणारी चर्चा. मी तिथेच एका उलट्या डब्यावर बसून मोठी झाले. आपला संघ डावीकडूनच का चढतो, गोल खाल्ला तेव्हा मागचा गडी तंबाखू मळत होता की नव्हता, यावर माणसं ज्या पोटतिडकीने भांडत, त्या पोटतिडकीने मी पुढे कुणाला सख्ख्या भावाशीही भांडताना पाहिलं नाही.

मी चौथीत असतानाच्या हिवाळ्यात भाऊंनी धुळ्याकडच्या सोनगीरहून रतनला आणलं. तिकडच्या एका सामन्यात त्यांनी त्याला पाहिलं होतं. डाव्या पायाचा, सडपातळ, डोळे खाली ठेवून बोलणारा मुलगा. भाऊंनी ओट्यावर जाहीर केलं की फैजपूरचा बंदोबस्त झाला. रतन दुकानामागच्या खोलीत राहू लागला, एरवी आमच्यात जेवू लागला, दिवसभर भाऊंबरोबर पंक्चर काढू लागला. संध्याकाळी गल्लीतल्या आम्हा पोरांमध्ये तो चेंडू खेळवायचा तेव्हा बघत राहावं... चेंडू त्याच्या पायाला दोऱ्याने बांधल्यासारखा वाटे, आणि तो नुसता हसत, एक शब्द न बोलता, आम्हा सगळ्यांमधून निघून जाई.

आणि रविवारी मैदानावर हाच रतन दगड होऊन जाई. पहिल्या सामन्यात तो तीनदा पडला. दुसऱ्यात, मोकळ्या गोलापुढे, त्याने कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि चेंडू समोरच्यांनी नेला. ओट्यावर मग पंचनामा बसला. कुणी म्हणे, मातीचा फरक, तिकडची जमीन मुरमाड, आपली काळी. कुणी म्हणे, नजर लागली. एकाने रतन म्हणून आणलं नि गारगोटी निघाली अशी कोटी केली, ती गावभर फिरली. भाऊ पाना हातात धरून सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच बोलत, "केळ लायी म्हनीसन उद्या घड येत नही." पण दर रविवारी हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज थोडा उतरत गेला, हे मला डब्यावरून कळत होतं. त्यांनी गावाला शब्द दिला होता.

ओट्याला जे दिसलं नाही ते माझ्या मायला दिसलं. तिचं म्हणणं साधं होतं. पोरगा आठवडाभर आमच्याकडे भाकरी नि उडदाची डाळ खातो तेव्हा वासरासारखा पळतो, आणि रविवारी लोक त्याला काय घालतात? पहिल्या वाराला वरण-बट्टी, तुपात बुडवलेली. दुसऱ्याला भरीत, पुऱ्या, वर शिरा. तिसऱ्याला मांडे नि आमरसाच्या जागी बासुंदी. आणि आमच्या खान्देशातला आग्रह! ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतील. रतनला नाही म्हणणं जमत नसे. परक्या गावात, डोळे खाली घालून, पुढ्यात येईल ते तो संपवत राही. वरण-बट्टी खाल्लेला माणूस धावत नाही हो, आडवा होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण प्रत्येक घराला चेंडू आपल्याच उंबऱ्यावर हवा होता, आणि त्यासाठी प्रत्येक घर जीव ओतून त्या मुलाला पंगू करत होतं. भाऊंनी हे एकदा ओट्यावर काढून पाहिलं. लोक आधी हसले, मग दुखावले. आमच्या अन्नाला नाव ठेवता का, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच संपला.

फैजपूरच्या सामन्याचा वार आमच्याकडे आला. माय दोन दिवस आधीपासून ठरवून बसली होती. त्या सकाळी शेजारणी काय शिजतंय ते पाहायला दारातून डोकावून जात होत्या, आणि आमच्या चुलीवर होती फक्त ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. तिने रतनच्या ताटात अर्धी भाकर, मिरचीचा ठेचा आणि वाटीभर ताक वाढलं. पाहुण्याला, तेही वाराच्या दिवशी, असं ताट वाढताना तिने पदर ताटाआड धरला, शेजारणींना दिसू नये म्हणून. ती त्याला म्हणाली, "आते इतलंच खाय. गोल करीसन ये, मंग पोटभर वाढसू." रतनने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला. भाऊ दारात उभे होते. ते काहीतरी बोलायला आत आले, पाण्याचा तांब्या उचलला, पाणी न पिताच ठेवला आणि दुकानात निघून गेले.

मैदानावर रतन इतरांच्या आधी उतरला. एकटाच कडेकडेने पळत होता आणि ते पळणं गल्लीतलं होतं, रविवारचं नव्हतं. मला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं होतं. तेवढ्यात रस्त्यावर एक जीप थांबली आणि तिच्यातून भुसावळचा एक दणकट गडी उतरला. नाना रतनपाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही बोलले. मंडळाकडे शर्टांचा एकच संच होता, अकरा खेळणाऱ्यांपुरता. रतनने अंगातला शर्ट काढला, उलटा झाला होता तो नीट सुलटा केला, आणि त्या नव्या माणसाच्या हातात दिला. मग तो चुन्याच्या रेघेबाहेर बनियनवर बसला. थंडीचे दिवस, वाऱ्यात केळीच्या बागांमधला ओलसर गारवा... मी त्याच्याकडे पाहत होते, तो मैदानाकडे पाहत होता, आणि भाऊ आम्हा दोघांकडे पाठ करून उभे होते.

आणि आम्ही जिंकलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फैजपूरला हरवलं. गोल त्या नव्या गड्याने केला. गावाला वेड लागायचं तेवढं लागलं. या धुंदीत कुणालाही वावगं वाटलं नाही की वार आमच्याकडे म्हणजे चेंडू आमच्याकडे. तो माणूस घरून जेवून आला होता, एवढा विचार करायला शुद्ध कुणाची होती?

माय दारात ताम्हण घेऊन उभी होती. दूरवर ताशाचा आवाज आला तेव्हाच आपण जिंकलो हे तिने ओळखलं असणार. तिने स्वयंपाक आधीच करून ठेवला होता, सगळा — वरण-बट्टी, भरीत, पुऱ्या, इतर घरांनी घातलेलं सगळं, आता खेळ संपल्यावर त्याने सुखाने खावं म्हणून. चेंडू उंबऱ्यावर आला. तिने गर्दीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "रतन कोठे शे?" ताशा थांबला. कुणीतरी सांगितलं की तो खेळलाच नाही. कुणीतरी सांगितलं की सामना सुरू असतानाच तो उठून स्टँडकडे चालत गेला, शिरपूरमार्गे धुळ्याला जाणारी गाडी मिळाली असेल त्याला. नाना चाचरत म्हणाले, काल संध्याकाळीच ठरलं होतं, रतनला तुझ्या धन्यानेच सांगायचं होतं.

माय वाकली आणि तिने चेंडूला हळदकुंकू लावलं, कारण चेंडूचा काय दोष, आणि दारी आलेल्या माणसांचाही काय. सगळ्यांच्या हातावर तिने गूळ ठेवला. गर्दी पांगल्यावर ती भाऊंना म्हणाली, आवाज जराही न चढवता, "सकायले मालूम व्हतं तुम्हले. मले तरी सांगता. पोऱ्या उपाशी गया मन्हा दारमाईन."

भाऊ वाईट माणूस नव्हते. सकाळी सांगू, जेवण झाल्यावर सांगू, वाटेत सांगू, असं करत करत त्यांचं सांगणं राहून गेलं, एवढंच. पण अर्ध्या पोटी माणूस घराबाहेर पाठवणं हे मायच्या लेखी फार मोठं पातक होतं, आणि ते तिने गोलाच्या आशेवर स्वतःच्या माथी घेतलं होतं; ती आशाच मुळात नव्हती हे तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. पुढच्याच आठवड्यात भाऊ रतनची पिशवी घेऊन सोनगीरला गेले. तो सुरतेला कामाला निघून गेला होता. पिशवी त्याच्या काकांकडे ठेवून ते परतले आणि हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. ओट्यावरच्या चर्चा नानांच्या ओसरीवर गेल्या. भाऊ तिकडे गेले नाहीत. माय नेहमीसारखीच वागली, भाऊंना वेळेवर ताट वाढलं, दुखलं-खुपलं पाहिलं. फक्त त्यांना पानावर कधी आग्रह केला नाही. पुढे कितीतरी वर्षं, ती जाईपर्यंत, एक घास जास्त घ्या असं तिच्या तोंडून मी ऐकलं नाही, आणि भाऊ जेवढं वाढलं तेवढंच खाऊन उठत.

आता भाऊ माझ्याकडे धुळ्याला असतात. माझा मुलगा नि त्याचे मित्र शनिवारी संध्याकाळी आमच्या बैठकीत जमतात आणि कुठल्याशा परदेशी संघावरून तसेच भांडतात. परवा विषय होता त्या संघाने नव्याने आणलेल्या एका खेळाडूचा. त्याला पळताच येत नाही, तो संघात शोभत नाही, त्याला आता बाहेरच बसवणार आहेत, वगैरे. भाऊ कोपऱ्यात खुर्चीवर होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण हे आलं.

"तेले सांगं का?" त्यांनी विचारलं.

मुलगा म्हणाला, "कुणाला, आबा?"

"ज्याले बाहेर बसाडतस, तेले."

पोरं हसली, वाईट मनाने नाही. मुलगा म्हणाला, अहो आबा, त्यात सांगायचं काय, सामन्याआधी नावं जाहीर होतात, तेव्हा कळतंच की.

भाऊ म्हणाले, "नही रे बापू. आधी सांगनं पडस." आणि खुर्चीचा हात धरून हळूहळू उठले आणि आत जाऊन निजले. मी ताट घेऊन गेले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मी दारात थांबले. जेवा ना भाऊ, एवढा आग्रह करायचा होता, पण जो मायने कधी केला नाही, तो मी कसा करणार... ताट झाकून त्यांच्या उशाशी ठेवलं आणि दिवा मालवला.