डब्यांवरची नावं

नूतनताई कुणाच्याही घरी गेली की आधी चुलीकडे बघते, मग माणसांकडे. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातले तिचे शेजारी तिला चहाला बोलवायला कचरतात, त्यात त्यांची काही चूक नाही.

चौदा वर्षं ती सरकारी खात्यातर्फे निराधार मुलांच्या गृहभेटी करतेय. अहवालाच्या शेवटी तीन चौकोन असतात: मदतीची गरज नाही, घरीच ठेवून मदत द्यावी, बालगृहात पाठवावं. एकात खूण केली की पोराचं पुढचं आयुष्य त्या वाटेनं जातं. आणि लोक? लोक महालबाड. ताई येणार म्हटलं की मदत मिळावी म्हणून टीव्ही शेजाऱ्याकडे जातो, मोटरसायकल गोठ्यात. असे कितीतरी तिनं रंगेहाथ पकडलेत, आणि त्याचा तिला थोडा गर्वही आहे.

त्या दिवशी ती अमळनेर तालुक्यातल्या एका गावात भागाबाईकडे आली. भागाबाईचा मुलगा योगराज वारला, सुनेनं दुसरं घर केलं, आणि नऊ वर्षांची डिंपल आजीजवळ राहिली. पोरगी वर्गात कमी आणि कापूस वेचायला जास्त दिसते, असं शाळेनं कळवलं होतं.

घर बघून नूतनताईच्या भुवया चढल्या. फळीवर स्टीलचे डबे ओळीनं लावलेले, तोंड दिसेल असे घासलेले. कोठीत गहू काठोकाठ. खाटेवर कोरी चादर.

"आमनाकडे बठ्ठं शे, ताई," सगळं असल्याचं भागाबाईनं न विचारताच सांगून टाकलं. "पोरले काई कमी नही."

नूतनताईच्या मनात पाल चुकचुकली. एवढं भरलेलं घर, आणि नातीला कापसात नेते? म्हणजे म्हातारीला पोरीची मजुरी गोड लागलीय. असल्या आजीजवळ पोर ठेवायचं तरी कशाला? तिचं पेन तिसऱ्या चौकोनापाशी गेलं.

"डिंपल, ताईले चहा ठेव," भागाबाई म्हणाली.

डिंपलनं एक डबा उघडला. त्यात डाळ होती. दुसऱ्यात शेंगदाणे निघाले, तिसऱ्यात रवा. स्वतःच्या घरात पोरीला साखर सापडेना.

नूतनताई उठली आणि एकेक डबा फिरवून बघू लागली. एकावर कोरलं होतं भाईदास सुकदेव, दुसऱ्यावर पार्वताबाई, परातीवर नवल झुलाल. आहेराची भांडी म्हणावीत, तर आहेरावर कुणाकडून कुणाला ते लिहिलेलं असतं. इथं नुसती मालकांची नावं होती. योगराजचं नाव कुठेच नव्हतं.

"हे भाईदास कोण?"

"समोरना आबा," भागाबाई पुटपुटली. मग तिचा धीरच सुटला. "रिकामं घर देखीसन तुम्ही पोरले लई जाशात, आसं लोके सांगेत. म्हनीसन गल्लीना लोकेसनी डबा दिधात. गहू भी त्यासनाच."

नूतनताईला संताप आला. भरलेलं घर लपवणारे तिला पाठ होते, पोर घेऊन जातील या भीतीनं रिकामं घर लपवणारी ही पहिलीच. "तुमचं स्वतःचं काय आहे?" तिनं विचारलं.

भागाबाईनं खाटेखालून एक पातेलं काढलं, तळाला मूठभर ज्वारीचं पीठ असलेला पत्र्याचा डबा काढला, आणि एक छोटी, चेपलेली थाळी. थाळीवर नाव होतं: चि. डिंपल योगराज.

नूतनताईनं मधल्या, घरीच ठेवून मदत देण्याच्या चौकोनात खूण केली आणि मुद्दाम कडक आवाजात म्हणाली, "डबे आजच परत करा. पोरगी उद्यापासून शाळेत. मी न सांगता येईन."

पण भागाबाईचा तरी कुठे विश्वास होता? तिनं डिंपलला तो कागद मोठ्यानं वाचायला लावला, दोनदा. मगच पोरीचा हात सोडला.

थांब्यावर उभी असताना नूतनताईला गेल्या वर्षीचं पारोळ्याकडचं एक घर आठवलं. डबे असेच ओळीनं, बाई अशीच न विचारता बोलणारी. तिथं दोन लहान मुली होत्या. फळी बघून खूश होऊन तिनं पहिल्या, मदतीची गरज नसल्याच्या चौकोनात खूण केली होती आणि दहा मिनिटांत उठली होती. त्या डब्यांवर कुणाची नावं होती, ते तिनं वाचलंच नव्हतं.

जळगावची एसटी समोर येऊन थांबली. नूतनताई चढली नाही. पारोळ्याची गाडी किती वाजता आहे, एवढंच तिनं कंडक्टरला विचारलं.